कोणता मुरिउकी?

“मॅडम, लवकर निघा. एक मेलाय आणि दुसऱ्याला मारतायत.”

कॉन्स्टेबल कारिथीचा आवाज फोनमध्ये फाटत होता. त्याच्या मागे असा गलका होता, की इन्स्पेक्टर नेकेसाने पुढचं काही विचारलंच नाही. चहा तसाच टाकून तिने जीपची किल्ली उचलली.

थिरिकू कॉफी सोसायटीच्या फाटकातून जीप आत शिरली तेव्हा अंगणात टायर आला होता. पंचविशीच्या आतला एक पोरगा चिखलात गुडघ्यांवर बसला होता. एक डोळा सुजून बंद, तोंडातून रक्त. टायर त्याच्या गळ्यात अडकवून झाला होता. पेट्रोलचा डबा हातोहात पुढे येत होता, आणि हे सगळे हात कालपर्यंत त्याच्याच ट्रॅक्टरमध्ये कॉफीच्या गोण्या चढवत होते. एकेकटे असताना यांतले निम्मे कोंबडी मारायलाही कचरले असते.

नेकेसाने हवेत गोळी झाडली. जमाव चार पावलं मागे सरला, तेवढ्यात कारिथीने टायर ओढून काढला आणि दोघांनी मिळून पोराला गोदामात ओढत नेलं. कारिथीच्या शर्टाची एक बाही जागेवर नव्हती.

“कोण हा?”

“मुरिउकी न्दिरांगू. सोसायटीचा ट्रॅक्टर चालवतो. यानं ओचोलाला कापलं म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“ओचोलाच म्हणाला, मॅडम. मरताना.”

चहाची टपरी चालवणारी मामा शिरू, म्हणजे शिरूची आई, आधीच आत येऊन बसली होती. तिने पोराच्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला.

“पोट दगडासारखं लागतंय. आत रक्त जातंय. माझ्या माणसाला असंच मारलं होतं, तो दुपार काढू शकला नाही. याला न्येरीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, बाई, नाहीतर मारणाऱ्यांना पुन्हा हात लावायचीही गरज नाही.”

नेकेसा बाहेर आली. फाटकात आता एक ओंडका आडवा पडला होता, आणि त्याच्यावर माणसं बसली होती.

“त्याला न्यायचं असेल तर आमच्या अंगावरून गाडी न्या,” एक जण ओरडला. “तुम्ही न्याल, कोर्ट सोडेल, आणि आम्ही बघत बसू! पलीकडच्या डोंगरावर चौकीदाराला कापलं, त्याचं काय झालं?”

त्याचं काहीच झालं नव्हतं, हे खरंच होतं. हंगाम सुरू झाल्यापासून टोळ्या सोसायट्यांची गोदामं फोडत होत्या. आड येईल त्याला कोयत्याने तोडत होत्या. लोकांचा संताप नेकेसाला कळत होता. तो चुकीच्या माणसावर निघत असेल तर काय, एवढंच तिला छळत होतं. न्येरीहून कुमक निघाली होती. पण ती पोचेपर्यंत पोरगा टिकेल याची खात्री नव्हती. ओंडका लोकांनीच हलवायला हवा होता. म्हणजे लोकांना पटेल असं उत्तर हवं होतं.

ओचोला कॉफी आंबवण्याच्या हौदात पडला होता. कॉफीची साल लाल, हौदातलं पाणीही लाल, त्यामुळे कुठलं कशाचं ते कळत नव्हतं. मानेवर, खांद्यावर, उजव्या हातावर कोयत्याचे वार होते. उजव्या हाताची दोन बोटं तुटली होती आणि उरलेल्यांच्या नखांत खडू अडकलेला होता.

हौदाजवळ गिथाइगा उभा होता. धिप्पाड, हसऱ्या तोंडाचा, सोसायटीचा मॅनेजर. शेतकऱ्यांची कॉफी वजन करून घ्यायची, ती धुवायची, वाळवायची, गोदामात लावायची, सगळं त्याच्याच देखरेखीखाली. आज तो हसत नव्हता. त्याच्या शर्टाचा पुढचा भाग रक्ताने भरलेला होता.

“तुला सापडला तेव्हा जिवंत होता?”

“धुगधुगी होती, मॅडम. उजाडताना पाणी सोडायला आलो तर हौदात हा! डोकं मांडीवर घेतलं. म्हणाला, ‘मुरिउकी न्दिरांगू.’ आणि मान टाकली.”

“तेवढंच?”

“देवाशपथ तेवढंच. मानेची दशा बघा की. दोन शब्द बोलला हेच पुष्कळ.”

“मग?”

“घंटा वाजवली. लोक आले, विचारलं, मी सांगितलं. खोटं बोलायचं होतं का?”

“मुरिउकीचं आणि याचं वैर होतं?”

“असेल. हा लुओ माणूस, सरोवराकडचा. आमच्या पोरांना सारखे प्रश्न विचारायचा. पोरं तापतात, मॅडम.”

“काम काय होतं याचं?”

“चित्र काढायचं.” गिथाइगाच्या चेहऱ्यावर नकळत हसू आलं. “या, दाखवतो.”

गोदामाच्या आतल्या लांब भिंतीवर खडूने पेट्या काढल्या होत्या आणि पेट्यांना जोडणाऱ्या रेषा. सोसायटीचा सगळा हिशेब कॉम्प्युटरवर जायचा होता. त्याआधी इथे कोणकोणत्या वस्तू आहेत, काय काय घडतं आणि ते कोण करतं, याचं चित्र काढायला कमिटीने ओचोलाला नैरोबीहून आणलं होतं. आकडा एकही नाही. आकडे नंतर येतात, आधी हिशेबात कोण आहे ते ठरतं, असं तो म्हणे.

“ही पेटी म्हणजे कॉफी,” गिथाइगा बोट फिरवत म्हणाला. “ही म्हणजे खेप घेणं, घडलेली गोष्ट. तिला दोन माणसं लागतात. एक देणारा, एक घेणारा. घेणारा मी! रेषेच्या टोकाला आडवी दांडी दिसली की समजायचं, एकच. आणि ही तीन बोटं आहेत ना, कावळ्याच्या पायासारखी? ती दिसली की पुष्कळ. एक शेतकरी, पुष्कळ खेपा. अशी गंमत.”

“बरंच शिकलास की.”

“कान फुटेपर्यंत ऐकवायचा हो.”

“आणि इथे काय होतं?”

देणाऱ्याच्या बाजूला भिंत कोयत्याने खरवडली होती. गिलावा खाली सांडला होता आणि त्यावर रक्ताचे थेंब होते.

“तिथे सभासदाची पेटी होती.”

“एकच?”

“एकच, मॅडम.”

खरवडलेले डाग मात्र दोन होते, शेजारी शेजारी. त्यांच्या मधोमध वीतभर रेष शाबूत राहिली होती. डाव्या टोकाला आडवी दांडी, उजव्या टोकाला कावळ्याचा पाय. पेट्या गेल्या होत्या आणि त्यांना जोडणारी रेष राहिली होती. तोडणाऱ्याला तिची अडचण वाटली नसावी.

भिंतीला लागून वाळलेल्या कॉफीच्या गोण्यांची थप्पी होती. काही गोण्यांची शिवण बाहेरच्या बाजूला आली होती. नेकेसाने ते पाहिलं आणि ती मुरिउकीकडे वळली. तो शुद्धीत नव्हता. मामा शिरू फडक्याने त्याचे ओठ ओले करत होती.

“ओचोलाला ओळखत होतीस?”

“‘कोणता’ म्हणायचो आम्ही त्याला.” ती रडत रडत हसली. “मी म्हणायचे, आज वांगेचीनं दूध आणलं. की हा विचारणार, कोणती वांगेची? अरे बाबा, दूध पी ना! झोपेतसुद्धा ‘कोणता, कोणती’ करत असेल. परवा चेअरमनसाहेबांनाच म्हणाला, कोणते वाहोमे, तुम्ही की तुमचे आजोबा? चेअरमन असे भडकले! म्हणाले, याची जीभ छाटा कुणीतरी.”

“असं म्हणाले?”

“सगळ्यांसमोर. पण ते रोजच कुणाचं तरी काहीतरी छाटतात, बाई.”

चेअरमन वाहोमे ऑफिसच्या पायरीवर काठी धरून बसले होते. नेकेसाने विचारताच म्हातारा फिस्कारला.

“म्हणालो होतो! माझ्या आजोबांना जाऊन एवढे हंगाम झाले, त्यांचं नाव घेऊन थट्टा?”

“थट्टा केली की प्रश्न विचारला, मझे?” वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं म्हणत नेकेसाने विचारलं.

वाहोमेंनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. “प्रश्नच विचारला,” ते म्हणाले. “कमिटीनं त्याला बोलावलं, ते मला नको होतं, हेही लिहून घ्या. पण मी रात्री माझ्या लेकीकडे कारातिनाला होतो. अख्ख्या चर्चने पाहिलंय मला तिथं.”

नेकेसा बुंगोमाकडची. तिच्याकडे नावं वेगळ्या रीतीने ठेवतात. तिने कारिथीला बाजूला घेतलं.

“हे आजोबांच्या नावाचं काय आहे?”

“आमची रीत, मॅडम. पहिला मुलगा झाला की त्याला बापाच्या बापाचं नाव. मुरिउकीचा मुलगा न्दिरांगू. न्दिरांगूचा मुलगा परत मुरिउकी. म्हणजे आजोबा मुरिउकी न्दिरांगू आणि नातूही मुरिउकी न्दिरांगू.”

“मग ओळखता कसे?”

“ओळखायचं काय त्यात?” कारिथीला प्रश्नच कळला नाही. “आमच्या लेखी तो एकच. गेलेला परत आलेला असतो.”

तेवढ्यात फाटकापाशी आरडाओरडा झाला. एक म्हातारी ओंडक्यावरच्या माणसांना काठीने झोडपत आत येत होती. पाठीवर झाडांना औषध मारायचा पंप, कोरा करकरीत. लोक हसतही होते आणि वाटही देत होते.

“माझ्या नवऱ्याला सोडा!” ती किंचाळली. “काल दिवे लागल्यापासून तो माझ्याजवळ चुलीशी बसून घेवडा सोलत होता. पहाटे या मेल्यांनी त्याला अंथरुणातून ओढून आणलं. सोडा माझ्या नवऱ्याला!”

“हिचा नवरा कोण?” नेकेसाने विचारलं.

“नातू, मॅडम,” कारिथी हळूच म्हणाला. “न्यागुथी शोशो ही, मुरिउकीची आजी. तिच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव घेऊन आलाय तो, म्हणून आज्या नातवाला नवराच म्हणतात. लाडानं.”

म्हातारी सरळ चेअरमनसमोर गेली आणि तिने पंप त्यांच्या पायावर आदळला.

“घ्या तुमचं बक्षीस! मुरिउकी न्दिरांगूनं सगळ्यात जास्त कॉफी घातली म्हणून वाजत गाजत दिलंत ना? घ्या! याच अंगणात टाळ्या वाजवल्यात आणि याच अंगणात पोर मारलंत!”

“शोशो,” नेकेसा पुढे झाली, “किती झाडं आहेत तुमच्याकडे कॉफीची?”

“झाड? एक नाही. म्हातारा गेला आणि माझ्या लेकानं सगळी उपटून आवाकाडोची झाडं लावली.”

“मग बक्षीस कसं घेतलंत?”

म्हातारी गडबडली. “माझ्या म्हाताऱ्याचं नाव पुकारलं, बाई. मला वाटलं, त्याची आठवण ठेवली यांनी. तो सरोवराकडचा पोरगा काल आला होता, त्यानंही हेच विचारलं. शोशो, हे कोणत्या मुरिउकीला मिळालं? मी म्हटलं, कोणत्या म्हणजे? एकच तर आहे. तो पंपाकडे बघत बसला. मी दिलेलं मका-घेवड्याचं गिथेरीसुद्धा खाल्लं नाही.”

नेकेसाला भिंतीवरची वीतभर रेष आठवली. एका टोकाला एकच. दुसऱ्या टोकाला पुष्कळ.

तिने गोदामात जाऊन शिवण बाहेर असलेल्या एका गोणीचं तोंड सोडलं, कॉफी जमिनीवर ओतली आणि रिकामी गोणी उलटी केली. आत काय आहे ते पाहून ती काखेत मारली. मुरिउकीचा श्वास आता तुटक येत होता. मामा शिरूने फाटकाकडे बोट दाखवलं.

नेकेसा ओंडक्यासमोर जाऊन उभी राहिली.

“ओचोलाला कुणी मारलं?”

“मुरिउकी न्दिरांगूनं!” जमाव एका आवाजात ओरडला.

“ठीक. मुरिउकी न्दिरांगू, पुढे या!”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग मागून काठी टेकत एक म्हातारा आला. “मला बोलावलं का?” त्याने विचारलं. त्याच्यामागून मोटरसायकलवर सवारी वाहणारा एक पोरगा आला, तोंड पाडून. आणि मग ओंडक्यावरून उतरला तो तिसरा. पेट्रोलचा डबा त्याच्याच हातात होता. त्याने डब्याकडे पाहिलं आणि तो असा खाली ठेवला, जसा काही चटका बसला.

“आत एक आहे, त्याचा आजोबा मातीत आहे, आणि हे तिघं,” नेकेसा म्हणाली. “सांगा, कोणत्या मुरिउकीला जाळायचं?”

मोटरसायकलवाला पोरगा म्हाताऱ्याच्या मागे सरकला.

“तुम्ही नाव ऐकलंत आणि माणूस धरलात. हीच चूक तुमच्या हिशेबात कित्येक हंगाम चालू होती. ओचोलाला ती दिसली. एका नावाची अनेक माणसं असतात, म्हणून त्याने काल भिंतीवर सभासदाच्या एका पेटीच्या दोन केल्या. एक नावाची, एक माणसाची. मारेकऱ्याने दोन्ही पेट्या तोडल्या. मधली रेष विसरला. गिथाइगा, तिथे एकच पेटी होती म्हणालास ना?”

“होती की.”

“मग त्या रेषेनं कुणाला कुणाशी जोडलं होतं?”

गिथाइगाने खांदे उडवले. “मी मॅनेजर आहे, मॅडम, चित्रकार नाही.”

“चित्र मात्र मला तूच शिकवलंस. खेप घ्यायला दोन माणसं लागतात, देणारा आणि घेणारा. मुरिउकी न्दिरांगूने सगळ्यांत जास्त कॉफी दिली. आजोबा वारला, नातवाकडे झाड नाही. देणारा कुणीच नव्हता. घेणारा होता, आणि तो मीच, असं तू छाती काढून सांगितलंस.”

ओंडक्यावरची माणसं उठून उभी राहिली होती.

“मेलेल्यांची नावं तू जिवंत ठेवलीस. कुणाला संशय कसा यावा? नाव पुकारलं की नातू ‘ओ’ देतोच. त्या नावांवर तू जी कॉफी घेतलीस ती कुठून आली, ते ही गोणी सांगेल.”

तिने उलटी केलेली गोणी उंच धरली. तिच्यावर पलीकडच्या डोंगरावरच्या सोसायटीचा हिरवा शिक्का होता. जिचा चौकीदार कापला गेला होता, तीच. जमावात एक बाई किंचाळली. ती त्या चौकीदाराची बहीण होती.

“गोणी कुणीही आणून ठेवेल!” गिथाइगा ओरडला. “मेलेल्या माणसानं स्वतः नाव घेतलं, ते खोटं?”

“खोटंच. त्याला इथे काय म्हणायचे?”

“कोणता,” मामा शिरू गोदामाच्या दारातून म्हणाली. मग तिलाही उमगलं आणि तिचा हात तोंडाकडे गेला.

“दूध कुणी आणलं हे ऐकलं तरी ‘कोणती’ विचारणारा माणूस. आदल्याच दिवशी त्याने शोधलं होतं, की मुरिउकी न्दिरांगू एक नाही. तो आपल्या खुन्याचं नाव सांगतो आणि कोणता ते सांगत नाही? दोनच शब्द उरले असते तर तो म्हणाला असता, नातू मुरिउकी. तो काही बोललाच नाही, गिथाइगा. बोललास तू. काल त्याने भिंतीपाशी उभं राहून तुला विचारलं, हा देणारा कोणता? तू कोयत्याने उत्तर दिलंस. आजोबा आधीच गेलेला. नातूही लोकांच्या हातून जळाला, की ‘कोणता’ विचारायला जागाच उरली नसती.”

गिथाइगाने वजनकाट्याचा लोखंडी आकडा उपसला. तो पळाला नाही, नेकेसावर आला. मध्ये कारिथी शिरला आणि आकडा त्याच्या दंडात घुसून मांस फाडत बाहेर आला. दुसरा वार नेकेसाच्या कानाजवळून खांबात रुतला. तिने अगदी जवळून गोळी झाडली. गिथाइगाचा गुडघा फुटला आणि तो गुरासारखा ओरडत पंपावर कोसळला.

आणि मग तोच टायर पुन्हा निघाला. तेच हात, तोच डबा, फक्त माणूस वेगळा. नेकेसाला इतका राग आला, की तिचे डोळे भरून आले.

“अजून पोट भरलं नाही तुमचं?” ती गिथाइगाच्या अंगावर पाय रोवून ओरडली. “एक पोर तुम्ही मारतच आणलंय! याच्या टोळीतले बाकीचे कोण, ते फक्त याला ठाऊक आहे. याला जाळलंत तर तुमचा पुढचा चौकीदार तुम्हीच मारलात म्हणून समजा. ओंडका काढा!”

पहिला हात ओंडक्याला लागला तो पेट्रोलवाल्या मुरिउकीचा.

जीपमध्ये मागे दोघांनाही घातलं, मुरिउकीला आणि बेड्या ठोकलेल्या गिथाइगाला. दंडाला फडकं बांधून कारिथी पुढे बसला. म्हातारी नातवाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गिथाइगा वाटभर पाणी मागत होता. म्हातारीजवळ पाण्याची बाटली होती. तिने ती न्येरी येईपर्यंत हातातून सोडली नाही.

दवाखान्यात मुरिउकीला लगेच आत नेलं. बाकावर म्हातारी आणि नेकेसा बसून राहिल्या. नेकेसाच्या बाहीवर कारिथीचं रक्त वाळलं होतं. कारिथीच्या दंडाला आत टाके घालत होते. तो वाचला, तसा हा पोरगाही वाचायला हवा, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

बऱ्याच वेळाने एक नर्स बाहेर आली. तिच्या हातात कागद होता आणि ती घाईत होती.

“मुरिउकी न्दिरांगूंचे कोण? माफ करा हो. गेले ते.”

 म्हातारी बाकावरून सरळ खाली घसरली. नेकेसाने तिला धरलं, आणि धरता धरताच ती नर्सकडे बघून ओरडली,

“कोणता?”

“म्हणजे?”

“कोणता मुरिउकी? बघून या आधी!”

नर्सने कागद पाहिला, पुन्हा पाहिला, आणि ती आत पळाली. तेवढा वेळ नेकेसा फरशीवर म्हातारीला कवटाळून बसली होती.

नर्स परत आली तेव्हा तिचा चेहरा शरमेने उतरला होता. “चुकलंच माझं. गेले ते मथिरा भागातले एक आजोबा, त्याच नावाचे. छातीच्या दुखण्याने आले होते. तुमचा आताच ऑपरेशनमधून बाहेर आलाय. डोळा राहणार नाही बहुतेक. पण पाणी मागतोय.”

म्हातारी नेकेसाच्या खांद्याला धरून उठली. तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, बाकावरची बाटली उचलली.

“नवरा माझा,” ती नर्सला म्हणाली. “धाकटा.”

आणि ती नर्सच्या मागोमाग आत गेली.